सोबत जोडले आहे

आमच्या शेजारच्या गाळ्यातला कॉम्प्युटर गेला तेव्हा अख्खी इस्टेट भेटायला गेली होती. वसई पूर्वेला, वालीवच्या औद्योगिक पट्ट्यात माणसं एकमेकांचे कामगार पळवतात, एकमेकांच्या टेम्पोसमोर टेम्पो लावून जेवायला जातात, पण वाईट प्रसंगी सगळे धावून येतात. शेजारचे मालक खुर्चीत मान खाली घालून बसले होते. समोर मॉनिटर. त्यावर लाल अक्षरांत इंग्रजी मजकूर: तुमच्या सगळ्या फायलींना कुलूप घातलं आहे, किल्ली हवी असेल तर बिटकॉइनमध्ये पैसे भरा.

"कसं झालं हो?" कुणीतरी हलक्या आवाजात विचारलं.

"काही नाही. सकाळपर्यंत चांगला होता. चहा घेतला, मेल उघडला, त्यात एक बिल होतं..."

"वय काय होतं?"

"चार वर्षांचा. विंडोज टेन."

"अरेरे! मागे कोण आहे?"

"कुणी नाही. बॅकअप घेतलाच नव्हता."

सगळे चुकचुकले. पुढचा अर्धा तास ज्याने-त्याने आपापल्या नात्यातले गेलेले कॉम्प्युटर आठवले आणि मग चहा आला.

परतताना आमचे शेठ गप्प होते. शेठ गप्प झाले की एकतर खर्च होतो किंवा कुणाचं तरी काम वाढतं, आणि खर्च त्यांच्या प्रकृतीला मानवत नाही. आमच्याकडे खाली मशीनवर बरण्यांची प्लॅस्टिकची झाकणं तयार होतात आणि वर पोटमाळ्यावर ऑफिस आहे, जिथे मी हिशेब लिहितो. वर पोचल्यावर शेठनी मला "साहेब" म्हणून हाक मारली. एरवी मी नुसता "अहो" असतो.

"साहेब, आजपासून कॉम्प्युटरची सेफ्टी तुमच्याकडे."

"शेठ, मला त्यातलं काय कळतं?"

"तुमचं टेबल प्लगच्या जवळ आहे."

प्रिंटरमध्ये अडकलेला कागद न फाडता बाहेर काढणारा एवढीच माझी तांत्रिक ख्याती. तेवढ्या भांडवलावर मी सुरक्षाप्रमुख झालो. पगार होता तिथेच राहिला. पहिला फतवा शेठनीच काढला: मेलला जोडून काहीही आलं, तर पाठवणाऱ्याला फोन करून खात्री केल्याशिवाय उघडायचं नाही. सल्ला सोळा आणे खरा आहे. जाणकारही हेच सांगतात. फक्त तो पाळायची वेळ त्यांच्यावर येत नाही.

"हॅलो, आपण आम्हाला मेल पाठवलाय का?"

"हो, सकाळीच."

"त्याला काही जोडलंय?"

"पर्चेस ऑर्डर आहे."

"ऑर्डरच आहे ना?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या नकळत दुसरं काही..."

"तुम्हाला झाकणं विकायची आहेत की नाहीत?"

ही लोणच्याची पार्टी. तिची ऑर्डर समोरच्या इस्टेटीत गेली. तिथे आलेली प्रत्येक अटॅचमेंट चहाचा घोट गिळायच्या आत उघडतात, आणि त्यांच्या कॉम्प्युटरला अजून शिंकसुद्धा आलेली नाही. नशीब नावाचं अँटिव्हायरस काहींना जन्मतःच मिळतं.

पद मिळालंच आहे तर अभ्यास करावा म्हणून मी रात्री बसून या रोगाचा इतिहास वाचला. आणि एखाद्या जुन्या घराण्याची कुलकथा वाचावी तसा त्यात रमलो. मार्च १९९९ मध्ये मेलिसा आला. ओळखीच्या माणसाच्या नावाने मेल, सोबत वर्डची फाइल, आणि वर सूचना की दुसऱ्या कुणाला दाखवू नका. ही सूचना वाचून जगातल्या कुठल्या माणसाने फाइल बंद ठेवली असेल? ती उघडली की मेलिसा पत्त्यांच्या यादीतल्या पहिल्या ५० जणांना स्वतःच निघून जायचा. मग ४ मे २००० ला मनिलाहून निघालेलं ते प्रसिद्ध प्रेमपत्र: 'आय लव्ह यू' असा विषय आणि जोडलेली फाइल. ब्रिटनच्या पार्लमेंटला आपली मेलयंत्रणा बंद ठेवावी लागली. मला त्या खासदारांचं नवल वाटतं. मतदारसंघातून आजवर कुणी प्रेमाने बोललं नाही, आणि एका सकाळी सगळेच एकदम प्रेम करू लागले, तर शंका यायला नको? तिसरा फेब्रुवारी २००१ चा. टेनिसपटू ॲना कुर्निकोवाचा फोटो असल्याचं सांगणारी फाइल. ती पाठवणारा नेदरलँड्समधला वीस वर्षांचा मुलगा. त्याने तयार मिळणाऱ्या साच्यातून व्हायरस काढला होता, आम्ही झाकणं काढतो तसा. शिक्षा झाली १५० तासांच्या समाजसेवेची.

दोन वर्षांत तीन साथी. एक गुपितावर पसरली, दुसरी प्रेमावर, तिसरी सौंदर्यावर. पुढे मात्र मानवजात पोक्त झाली. प्रेमपत्र आलं तरी "कोण वेळ घालवणार" म्हणून लोक ते उघडेनासे झाले. मग चोरांनी बिलं पाठवायला सुरुवात केली. एमोटेट नावाचं मोठं जाळं होतं, त्याने जगभर वर्डच्या फायलींतून बिलंच वाटली. जानेवारी २०२१ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून ते मोडलं, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ते परत हजर झालं. स्टेशनबाहेरचे फेरीवाले यापेक्षा लवकर परत येतात, एवढाच फरक.

चोराला कॉम्प्युटर कळावा लागतो हा माझा समज या वाचनात गळून पडला. त्याला आम्ही कळलो की पुरे. आमच्या ऑफिसचंच बघा. 'पेमेंट' हा शब्द दिसला की शेठचा हात त्यांच्या परवानगीशिवाय माउसकडे जातो. डिस्पॅच सांभाळणारे काका सांडोरचे. फोटो म्हटलं की त्यांना राहवत नाही, मग तो कुणाचा का असेना. आणि मी? मला 'नोटीस' पुरते. जीएसटीची, आयकराची, कसलीही. आयुष्यात एक रुपया लपवलेला नाही, लपवण्याइतका कधी जवळ आलाच नाही, तरी नोटीस म्हटलं की घशाला कोरड पडते. म्हणजे एकच फाइल 'पेमेंट नोटीस फोटोसह' या नावाने आली, तर आमचं अख्खं ऑफिस एका क्लिकमध्ये कामाला लागेल. ही माहिती मी शेठना दिली नाही. काही गुपितं सुरक्षाप्रमुखाने स्वतःजवळ ठेवायची असतात.

चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसईचा किल्ला घेतला तेव्हा महिनोन्‌महिने वेढा पडला होता, बुरुजांखाली सुरुंग उडाले, हजारो माणसं खर्ची पडली. आतल्या पोर्तुगीजांनी शेवटपर्यंत सहजी दार उघडलं नाही. तेव्हा 'थकीत रक्कम, तातडीचे' असा लखोटा आत धाडायची सोय असती, तर मला वाटतं फेब्रुवारीतच काम झालं असतं.

प्रशिक्षणाचा वर्ग मी एका शनिवारी घेतला. पहिला धडा फाइलच्या नावाचा. "बिल डॉट पीडीएफ असं नाव दिसतं," मी म्हणालो, "पण त्याच्यापुढे आणखी एक डॉट ईएक्सई असू शकतं. खरं कूळ ते शेवटचं. आणि विंडोज आपण होऊन ते लपवून ठेवतं. त्या प्रेमपत्राचंही तसंच होतं. दिसायला टीएक्सटी, पाठीमागे व्हीबीएस."

"आडनाव लपवतो?" काका खुर्चीत ताठ झाले. "मग नक्कीच काहीतरी भानगड आहे."

वसईत हा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही. इथे नुसतं आडनाव सांगा. समोरचा तुमचं गाव, तुमचं चर्च किंवा देऊळ, तुमच्या आजोबांनी कुणाशी बांधावरून भांडण केलं होतं आणि ते मिटलं की नाही, इतकं सांगतो. मी विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या फायलींची आडनावं उघडी केली. पुढचा आठवडाभर काका कॉम्प्युटरसमोर बसून एकेका फाइलीची चौकशी करत होते. "हा जेपीजी. बरा आहे, फोटोवाल्यांपैकी. हा एक्सएलएसएम कोण? याच्या घरात तो एम कुठून आला?" तो एम म्हणजे मॅक्रो, आणि शंका अगदी रास्त होती.

कारण दुसरा धडा मॅक्रोचाच होता. वर्डची किंवा एक्सेलची फाइल उघडली की वर पिवळी पट्टी यायची: मजकूर पाहायचा असेल तर 'एनेबल' दाबा. चोराची सगळी भिस्त त्या बटणावर. इस्टेटीच्या भिंतीवर 'येथे थुंकू नये' हे वर्षानुवर्षं लिहिलेलं आहे, ते कुणी मानलेलं नाही. पण स्क्रीनवर बटण दाबा म्हटलं की तीच माणसं शिस्तीत दाबतात. शेवटी २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फायलींतले मॅक्रो आपण होऊन अडवायला सुरुवात केली. मग चोर झिप फायलींकडे वळले. झिपला पासवर्ड घालायचा, म्हणजे तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला आत डोकावता येत नाही, आणि पासवर्ड त्याच मेलमध्ये खाली लिहून द्यायचा.

"पासवर्ड आहे म्हणजे सेफ असेल ना?" शेठनी विचारलं.

"शेठ, पासवर्ड चोरानेच दिलाय."

"पण दिला तर खरा! आपल्या बँकेची मुलगी तर विचारूनही देत नाही."

आता अँटिव्हायरसची गोष्ट. ते आमच्याकडे होतं. त्याची मुदत केव्हाच संपली होती, आणि रोज सकाळी ते कोपऱ्यात लाल चौकट दाखवून सांगायचं की तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे. शेठचं ठाम मत की ही चौकट हाच व्हायरस. रोज येतो, पैसे मागतो, घाबरवतो. आणखी व्हायरस म्हणजे काय असतं? या युक्तिवादाला उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

म्हणून आम्ही कॉम्प्युटरवाल्या मुलाला बोलावलं. हा नालासोपाऱ्याहून स्कूटरवर येतो आणि मशीन चालू व्हायच्या आतच निदान करतो: "फॉरमॅट मारावा लागेल." माउस चालत नसला तरी फॉरमॅट, की-बोर्डवर चहा सांडला तरी फॉरमॅट. शेठ त्याला बसायलाही सांगत नसत. मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. पुण्यात कैलास काटकर नावाचे गृहस्थ कॅल्क्युलेटर आणि रेडिओ दुरुस्त करत. त्यांच्या भावाने, संजयने, अँटिव्हायरस लिहिलं, आणि त्यातून क्विक हील कंपनी उभी राहिली, २०१६ मध्ये शेअर बाजारात आली. आणि ते प्रेमपत्र लिहिणारा मनिलाचा विद्यार्थी? तिथे तेव्हा त्यासाठी कायदाच नव्हता म्हणून तो सुटला, आणि बऱ्याच वर्षांनी एका पत्रकाराला सापडला तो मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर. शेठ विचारात पडले. रिपेअरिंगवाला कधी कुठल्या दिशेने जाईल सांगता येत नाही, असा त्यांनी निष्कर्ष काढला आणि तेव्हापासून त्या मुलाला चहाबरोबर क्रीमचं बिस्किट मिळतं. निदान मात्र फॉरमॅटच.

माझी खरी पंचाईत मीच ओढवून घेतली. नावाजलेली उदाहरणं द्यावीत म्हणून मी न्हावा शेवाची हकीकत काढली. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीचे कॉम्प्युटर जगभर लोळवले, आणि आपल्या जेएनपीटीतलं एक टर्मिनल ठप्प झालं. "तिथेही कुणी बिल उघडलं?" शेठनी विचारलं. मी प्रामाणिकपणे सांगितलं की नाही, तो युक्रेनमधल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून शिरला.

"हिशेबाच्या?" शेठनी माझ्याकडे बघितलं. "म्हणजे तुमच्याकडूनच."

विषय बदलावा म्हणून मी पुढचं सांगितलं. कंपनीच्या नेटवर्कची सगळी मांडणी ज्या सर्व्हरांवर होती ते सगळे गेले, फक्त घाना देशातला एक वाचला. का, तर त्या वेळी तिथली वीज गेली होती! त्या एका सर्व्हरवरच्या माहितीवरून कंपनीने आपला संसार परत मांडला.

हे ऐकल्यावर शेठच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी दिवाळीतही पाहिलेलं नाही. वीज जाणे या विषयात वसईकराला घानाने काय शिकवावं? इतकी वर्षं आपण ज्याला गैरसोय समजलो ती जागतिक दर्जाची सुरक्षायंत्रणा निघाली. दुसऱ्या दिवशी दुपारी, मी डबा उघडतोय तोच, शेठनी खबरदारी म्हणून मेन स्विच पाडला. कॉम्प्युटर सुरक्षित झाला. खाली मशीनच्या बॅरलमध्ये वितळलेलं प्लॅस्टिक मात्र जागच्या जागी गोठलं. संध्याकाळपर्यंत दोन माणसं ते खरवडत होती आणि त्यांनी घाना देशाबद्दल जे उद्गार काढले ते इथे देता येत नाहीत.

बॅकअपची सोयही झाली. शेठनी पेन ड्राइव्ह आणला, त्याला लाल दोरा बांधला आणि तो कॉम्प्युटरलाच कायमचा टोचून ठेवला, हरवायला नको म्हणून. मी सांगून दमलो की कुलूप घालणारा व्हायरस टोचलेल्या पेन ड्राइव्हलाही कुलूप घालतो. तो काढून लांब ठेवायला हवा. "लांब ठेवला तर मिळेल कसा?" खंडेनवमीला मशीनबरोबर त्याचीही पूजा झाली. तेव्हापासून कॉम्प्युटरच्या एका भोकात हळद आहे आणि तिथे काहीच चालत नाही, व्हायरससुद्धा.

सर्वांत जास्त बदल झाला तो काकांत. हल्ली मेलपेक्षा व्हॉट्सॲपवरून लग्नाची पत्रिका म्हणून एपीके फाइल येते, आणि उघडली की फोन परक्याच्या ताब्यात जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीत एका सरकारी कर्मचाऱ्याने अशी पत्रिका उघडली आणि त्याचे १ लाख ९० हजारांच्या आसपास गेले. ती बातमी मी वाचून दाखवल्यापासून काकांनी पत्रिका या वस्तूचाच धसका घेतला. वसईत लग्नाचा मोसम म्हणजे काय ते बाहेरच्याला कळायचं नाही. एकेका घराला एका आठवड्यात इतकी आमंत्रणं असतात की नवरा एका मंडपात, बायको दुसऱ्या आणि मुलं जिथे जेवण चांगलं तिथे, अशी वाटणी करावी लागते. काकांनी त्या मोसमात घरीच जेवायचं ठरवलं. जानेवारीत त्यांची गिरिजची चुलतबहीण तणतणत गाळ्यावर आली.

"पोरीच्या लग्नाला का नाही आलास?"

"पत्रिका उघडली नाही गं."

"का?"

"एपीके असली तर?"

"अरे, मी घरी येऊन हातात दिली होती! पाकिटात होती, हळदीचं बोट लावलेली!"

"तेच तर. आत काय आहे ते बाहेरून दिसत नव्हतं."

फसवणूक झालीच तर १९३० या नंबरला लगेच फोन करायचा, हेही मी सगळ्यांना पाठ करायला लावलं. मिठागरं बघत वाढलेल्या काकांनी तो पहिल्याच झटक्यात लक्षात ठेवला: मिठाचा सत्याग्रह. शेठना सत्याग्रह आठवेना, त्यांनी मेन स्विचच्या डब्यावर खडूने नंबर लिहून ठेवला. नवा वायरमन आला तेव्हा तो व्होल्टेज समजून त्या डब्याला हात लावायला तयार होईना.

शेवटी शेठ मेलला कंटाळले. त्यांनी जाहीर केलं की यापुढे ऑर्डर माणसाने स्वतः आणून द्यायची. चेहरा दिसतो, बोलणं कळतं, व्हायरसचा प्रश्नच येत नाही. नव्या पद्धतीने पहिला माणूस आला तो भर जुलैत. वसई स्टेशन ते वालीव गुडघाभर पाण्यातून शेअर रिक्षाने, उरलेलं चालत. ऑर्डरच्या कागदाचा त्याच्या खिशात लगदा झाला होता. मी तेव्हा खाली झाकणांची पोती मोजत होतो. वर आलो तर माझ्या खुर्चीत काका, शेजारी तो भिजलेला माणूस हातात चहाचा कप घेऊन, प्रिंटर कुरकुरतोय आणि कॉम्प्युटरच्या हळद नसलेल्या भोकात एक अनोळखी पेन ड्राइव्ह लुकलुकतोय.

"काका, हे काय?"

"घाबरू नका, चौकशी केलीय. आडनाव विचारलं. सांडोरचाच आहे, याच्या आजोबांची वाडी आमच्या वाडीला लागून."

"आणि हा पेन ड्राइव्ह?" मी त्या माणसाला विचारलं. "तुमचाच ना?"

"छे हो," तो चहाचा घोट घेत म्हणाला, "विरार फास्टमध्ये सीटखाली सापडला. चांगला बत्तीस जीबीचा आहे."